रस्त्याने खाल्लेलं मीठ

खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण म्हणतो. अमेरिकेतले रस्ते मात्र जागत नाहीत. जानेवारीत टनावारी मीठ खातात आणि बर्फ वितळला की सगळं ओढ्यात ओकून मोकळे होतात!

आमच्या रॉचेस्टरला थंडीत मिठाचे ट्रक फिरू लागले की दोन दिवसांत बुटांवर पांढऱ्या रेघा उमटतात. देशातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "मीठ म्हणजे खायचं?" हो, तेच. फक्त खाणीतलं, जाडंभरडं. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, म्हणून बर्फ सुटतो.

ही पद्धत तशी फार जुनी नाही बरं का. पूर्वी बर्फ ओढून बाजूला करायचा, वर वाळू नाहीतर राख टाकायची, चाकांना साखळ्या बांधायच्या. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यांवर मीठ टाकून बघितलं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अख्ख्या अमेरिकेच्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं. मग युद्ध संपलं, मोटारी वाढल्या, उपनगरं पसरली. बर्फ पडला तरी रस्ता काळाकुळकुळीत दिसला पाहिजे, अशी लोकांना सवय लागली. आता वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडतं.

त्याने अपघात टळतात, माणसं वाचतात, हे अगदी मान्य. पण ते मीठ जातं कुठे?

रस्त्यावरचं पाणी बहुतेक ठिकाणी पावसाळी गटारातून थेट ओढ्यात जातं, शुद्धीकरण केंद्रात नाही. वाटेत तळी खोदलेली असतात, त्यांत गाळ खाली बसतो. विरघळलेलं मीठ मात्र बसत नाही, कुजत नाही, उडूनही जात नाही. काही ओढ्याने पुढे जातं, काही जमिनीत मुरून विहिरींपर्यंत पोचतं.

याचा एक जुना दाखला आमच्या गावाशेजारीच आहे. इरॉन्डेक्वॉइट बे. नावाला खाडी, पण पाणी गोडं, पलीकडे ऑन्टारिओ सरोवर. अशा खोल पाण्यात वसंत ऋतूत एक महत्त्वाची गोष्ट घडते. वरचं आणि तळाचं पाणी सारख्याच तापमानाचं होतं, वारा ते ढवळून काढतो आणि प्राणवायू तळापर्यंत जातो. म्हणजे जलाशयाने घेतलेला दीर्घ श्वासच म्हणा ना! १९६९-७० च्या हिवाळ्यात ओढ्यांतून इतकं खारट पाणी आलं की ते जड पाणी तळाशीच बसून राहिलं. त्या वसंतात खाडी पूर्ण ढवळलीच नाही. १९७१ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं. वीस वर्षांत तिथलं क्लोराइड निदान पाचपट झालं होतं. आणि उन्हाळ्यात पाण्याचे थर वेगळे राहण्याचा काळ १९३९ च्या तुलनेत एका महिन्याने लांबला होता.

मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त आवडतो. १९७४ पासून इथे मीठ कमी टाकायला सुरुवात झाली. पुढच्या दहा वर्षांत वरच्या-खालच्या पाण्यातला फरक घटला आणि खाडी पुन्हा नीट ढवळू लागली. म्हणजे हात आखडता घेतला की पाणी ऐकतं!

पण इतर शहरांनी यातून फारसा धडा घेतला नाही. २००५ साली बाल्टिमोर परिसरातल्या आणि ईशान्येकडच्या ओढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात काही ठिकाणी क्लोराइड समुद्राच्या पाण्याच्या पाव हिश्श्यापर्यंत पोचलं होतं. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अमेरिकेने १९८८ साली दीर्घकाळची मर्यादा ठरवली, लिटरला २३० मिलिग्रॅम. त्या हिशोबाने एक चहाचा चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर पाणी नासवतं.

एक चमचा! आणि इथे शेजारीपाजारी पायरीवर डबाभर ओततात. मी आधी फावडं मारतो, मग उरलेल्या बर्फावर चिमूट-चिमूट टाकतो. स्वयंपाकात आईचा हात मिठाला बेताचा असायचा, तोच हिशोब. बेताचं मीठ चवीला लागतं, तसंच रस्त्यालाही पुरतं.

असो. तुमच्या गावी बर्फावर काय टाकतात, तेही सांगा.