आहित : गहाण माणूस आणि बिनकर्जाचा गुलाम

'आहित' हा शब्द आज मराठीत सुटा चालत नाही. 'आहिताग्नी' या जोडशब्दात तेवढा तो उरला आहे. विधिपूर्वक अग्नी स्थापन करणारा तो आहिताग्नी. 'आ' हा उपसर्ग आणि 'धा' म्हणजे ठेवणे हा धातू. याच धातूपासून 'आधि' म्हणजे तारण हा व्यवहारातला शब्द झाला आणि तारण म्हणून जे ठेवले ते 'आहित' ठरले. दागिना ठेवला तरी आहित, माणूस ठेवला तरी आहितच. अग्नी ठेवणारा पूज्य झाला. स्वतः ठेवला गेलेला दास झाला. एका शब्दाच्या या दोन वाटा आहेत.

नारदस्मृतीत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत मालकाने गहाण ठेवलेला 'आहित' आहे आणि मोठ्या कर्जातून सोडवल्यामुळे दास झालेलाही आहे. म्हणजे माणसाचा देह हेच कर्जाचे तारण, हा व्यवहार शास्त्रकारांना चांगला परिचित होता. तरीही भारतात गुलामगिरी नाही, असे मेगॅस्थेनिस लिहून गेला आणि आपल्या प्राचीन समाजव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना ते फार सोयीचे झाले. ही मंडळी कौटिल्याचाही दाखला देतात. तो दाखला आपण नीट तपासला पाहिजे.

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात दासांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. आर्याला दासभाव नाही, असे तेथे म्हटले आहे. म्लेच्छांनी मात्र आपली संतती विकली वा गहाण ठेवली तर दोष नाही. गहाण पडलेल्या माणसाकडून प्रेत, विष्ठा, मूत्र किंवा उष्टे उचलून घेतले, तर धनकोची दिलेली रक्कम बुडते. मूल्य फेडले की गहाण माणूस पुन्हा आर्य होतो. विशेष म्हणजे या प्रकरणात शूद्राचीही गणना आर्यांत केली आहे.

ही करुणा आहे, असे आपल्याला सांगितले जाते. असेल. पण मग प्रेत आणि विष्ठा उचलायची कोणी? ज्या कामाने गहाण माणसाचा इतका अवमान होतो की सावकाराचे पैसे बुडावेत, ते काम थांबले तर नव्हते. ज्याला कोणी कर्ज दिले नव्हते, त्याच्या माथी ते मारले गेले. चांडाळाची वस्ती स्मशानाच्या कडेला असावी, असे याच ग्रंथात सांगितले आहे. गहाण माणसाला कायद्याने जे संरक्षण मिळाले, त्याची किंमत व्यवस्थेबाहेरच्या माणसाने मोजली.

मनूने तर कर्जाच्या फेडीलाही जात लावली. समान वा खालच्या जातीच्या ऋणकोने धनकोचे काम करून कर्ज फेडावे. वरच्या जातीच्याने सवडीने पैसे द्यावेत. म्हणजे एकाला मुदत, दुसऱ्याला राबणूक!

महाराष्ट्रातले महारवतन याच प्रकाशात पाहावे लागते. मेलेली गुरे ओढणे, मयताची वर्दी परगावी पोहोचवणे, सरकारी कामासाठी वेळी-अवेळी धावणे, ही कामे कोणत्या कर्जाची फेड होती? हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि बलुत्याची भाकर हा मोबदला म्हणून दाखवला जाई. परंतु कर्ज असते तर ते फिटले असते. तारण असते तर ते सुटले असते. जन्माला मुद्दल नसते, म्हणून त्याची परतफेडही नसते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते हीच गाठ सोडवण्यासाठी. वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे तीन दशके लागली.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची व्याख्या या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. उचल घेऊन राबणारा तर तिच्यात येतोच. ऋणकोने कर्ज न फेडल्यास त्याच्या वतीने राबण्याचे कबूल करणारा जामीनदारही येतो. ठाणे जिल्ह्यातला, लग्नाच्या कर्जापायी बायकोसह राबणारा लग्नगडी तिच्यात बसतो. आणि विशिष्ट जातीत जन्मल्यामुळे राबावे लागणारा माणूसही तिच्यात बसतो. शास्त्रकारांनी ज्या दोघांना वेगळे ठेवले होते, त्या गहाण माणसाला आणि बिनकर्जाच्या गुलामाला कायद्याने प्रथमच एका ओळीत उभे केले.

पण हा कायदा कर्ज रद्द करू शकतो. जन्माच्या नावाने लिहिलेली, रक्कम नसलेली ती चिठ्ठी गावाच्या मनात असते. ती फाडण्याचे काम न्यायालयाचे नाही, आपले आहे.