चेंबरचा नट आणि कलम १५१

गाडीची सर्विसिंग झाली की हातात चार कागद येतात: जॉबकार्डाची प्रत, बिल, गेटपास आणि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतला शिक्का. गाडी नीट चालली तर ते डॅशबोर्डच्या खणात पडून राहतात. पण ऑइल बदलून आणलेली गाडी वाटेतच लाल दिवा दाखवून बंद पडली, तर त्या दिवशी काय घडले हे सांगायला तेवढेच साक्षीदार उरतात. शोरूममधला सुपरवायझर बदलतो, नट आवळणारा पोऱ्या नोकरी सोडून जातो, धुतलेल्या फरशीवर ऑइलचा डागही राहत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या गाडीमालकाला अशा वेळी काय आधार होता, आणि तो कोणत्या वर्षापासून होता, हे कायद्यांच्या मजकुरातून आणि न्यायनिवाड्यांतून बरेच स्पष्ट लावता येते. मात्र त्यासाठी सुरुवात मोटारीच्याही आधीपासून करावी लागते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १४८ ते १८१ ही एखाद्याच्या ताब्यात विश्वासाने दिलेल्या वस्तूंबद्दल आहेत. दुरुस्तीला दिलेली वस्तू त्यातच येते. कलम १५१ सांगते की वस्तू ताब्यात घेणाऱ्याने तिची काळजी अशी घ्यावी, जशी सामान्य शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. भारतात मोटार नव्हती तेव्हा लिहिलेले हे वाक्य आजच्या वर्कशॉपला तंतोतंत लागू पडते. स्वतःच्या गाडीच्या चेंबरचा नट कोणी अर्धा आवळून सोडत नाही.

पण हे वाक्य देगलूरला उशिरा पोचले. देगलूर हैदराबाद संस्थानात होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे तिथे आपोआप चालत नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, पण कायदे एकसारखे झाले ते १९५१ च्या ‘भाग ब राज्ये (कायदे) अधिनियमा’ने, १ एप्रिल १९५१ पासून. करार कायद्याच्या पहिल्या कलमाखाली छापलेल्या तळटिपेत या बदलाची नोंद होती. तोवर मोटार या मुलखात चांगलीच रुळली होती. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली होती. थोडक्यात, इथे इंजिन आधी आले आणि कलम १५१ मागून आले.

त्या कलमाला एक पळवाटही आहे. पुढच्याच कलम १५२ मध्ये ‘वेगळा करार नसेल तर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. जॉबकार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलेले ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ हे वाक्य तिथेच बोट ठेवू पाहते. सही करताना ते कोणी वाचत नाही. माझ्या मते त्या छाप्याला अवाजवी घाबरण्याचे कारण नाही. गाडी अंगणात उभी असताना झाड पडले तर जोखीम मालकाची म्हणता येईल, पण ज्या कामाचे पैसे घेतले तेच काम चुकले तर ती जोखीम मालकाने उचललेली नसते.

आता चूक नेमकी कशी होते ते पाहू, कारण प्रत्येक चुकीचा कागदावरचा माग वेगळा असतो.

सर्वात साधी चूक म्हणजे चेंबरचा नट ढिला राहणे, किंवा जुनेच दबलेले वॉशर पुन्हा बसवणे. ऑइल थेंब थेंब जाते आणि गाडी ज्या जागी उभी असते तिथे डाग दिसतो. नट जास्त आवळला आणि चेंबर ॲल्युमिनियमचे असले तर आटे जातात, आणि ते पुढच्या सर्विसिंगलाच कळते. ऑइल फिल्टरची चूक अधिक घातक असते. जुना फिल्टर काढताना त्याचे रबरी गॅस्केट इंजिनलाच चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर बसवला जातो. दोन गॅस्केटची ही बैठक काही वेळ टिकते, मग दाबाने सरकते आणि बघता बघता सगळे ऑइल रस्त्यावर जाते. ऑइलचा दाब गेला की बेअरिंग कोरडी फिरतात आणि इंजिन सीझ व्हायला फार वेळ लागत नाही. कधी इंजिनऐवजी गिअरबॉक्सचा नट उघडला जातो. मग गिअरबॉक्स रिकामा राहतो आणि इंजिनात जुन्यावर नवे ऑइल पडून पातळी दुप्पट होते.

पहिला माग किलोमीटरच्या आकड्याचा. गाडी आत घेताना मीटर किती होता हे जॉबकार्डावर लिहिलेले असते, बंद पडली तेव्हाचा आकडा मीटरवरच असतो. दोन्हींत शंभराच्या आतबाहेरचे अंतर असेल तर दोष सर्विसिंगकडे बोट दाखवतो. दुसरा माग लिटरचा. बिलात ऑइलची वेगळी ओळ असते, तिच्यासमोर २७१० या आकड्यांनी सुरू होणारा जीएसटी कोड आणि लिटर असतात. इंजिनाची क्षमता मालकाच्या पुस्तिकेत छापलेली असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कमी पडले की जास्त हे कळते, आणि ऑइलची श्रेणी पुस्तिकेप्रमाणे आहे का हेही त्याच ओळीत सापडते. तिसरा माग वेळेचा. फेब्रुवारी २०२१ पासून चारचाकीला फास्टॅग सक्तीचा झाल्याने टोलनाका ओलांडल्याची वेळ खात्यात नोंदलेली असते. गेटपासची वेळ, टोलची वेळ आणि गाडी टोचन करून आणणाऱ्याची पावती यांतून त्या दिवसाचा प्रवास तासातासाने उभा करता येतो.

हे सारे एका गोष्टीने वाया जाते. चिडलेला मालक गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेतो आणि इंजिन खोलून घेतो. दोन गॅस्केट होती हे मिस्त्री शपथेवर सांगेलही, पण ती जागेवर पाहणारा दुसरा कोणी नसतो. खोलण्याआधी शोरूमला लेखी कळवणे, फोटो काढणे, फिल्टर जपून ठेवणे एवढे केले तर पुढचे सगळे सोपे जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एसजीएस इंडियाच्या प्रकरणात, निर्यातीच्या शेंगदाण्यांच्या तपासणीवरून झालेल्या वादात, सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावरच असतो हे पुन्हा सांगितले. गाडीच्या वादातही तोच नियम लागतो.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिवाणी दाव्याच्या लांब वाटेला पर्याय दिला. या कायद्याच्या नजरेने वर्कशॉपचे बिल वाचले की त्याचे दोन भाग पडतात. ऑइल आणि फिल्टर हा माल, मजुरी ही सेवा. मालात दोष असेल आणि तो तपासणीशिवाय कळणारा नसेल, तर ग्राहक मंचाने नमुना घ्यावा, त्याला सील लावावे आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा, प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावा, असे कलम १३ मध्ये होते. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती तरतूद कलम ३८ मध्ये आली. म्हणजे चुकीच्या श्रेणीचे ऑइल भरल्याचा संशय असेल तर चेंबरमधले ऑइल हाच पुरावा आहे, आणि ते ओतून टाकणे म्हणजे तो नष्ट करणे. तज्ज्ञाच्या पाहणीला किती वजन मिळते हे २००४ च्या एका निकालात दिसते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सविरुद्धच्या त्या प्रकरणात जिल्हा मंचाने नेमलेल्या कमिशनरच्या अहवालाचा आधार होता, आणि सदोष मोटार नवी म्हणून विकली गेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्द वापरले.

‘फ्री सर्विस होती, पैसेच घेतले नाहीत’ हे उत्तर शोरूममध्ये हमखास मिळते, कारण मोफत सेवा कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे. पण नव्या गाडीच्या फ्री सर्विसचे मोल गाडीच्या किमतीतच दिलेले असते, आणि बहुतेक वेळा ऑइलचे पैसे बिलात लागतातच. हे उत्तर मान्य करू नये.

देगलूरसाठी खरा पेच मात्र वेगळा होता: तक्रार करायची कुठे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नांदेड, निजामाबाद आणि बिदर हे एकाच राज्याचे जिल्हे होते आणि हैदराबाद ही या गावाची राजधानी होती. त्या दिवशी नांदेड मुंबई राज्यात गेले, निजामाबाद आंध्र प्रदेशात, बिदर म्हैसुरात. व्यवहार तुटला नाही. नांदेड इथून ८० किलोमीटरच्या आसपास, मदनूर तर सीमेपलीकडे लगेचच, आणि मोठी गाडी घ्यायची तर लोक हैदराबादकडे वळतातच. १९८६ च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे तक्रार तिथेच करता येई, जिथे विरुद्ध पक्ष धंदा करतो किंवा जिथे तक्रारीचे कारण घडले. शाखा असेल तर शाखेच्या गावीही, असे कलमात लिहिले होते. पण २० ऑक्टोबर २००९ च्या सोनिक सर्जिकल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आवळला: शाखा म्हणजे कारण जिथे घडले तिथली शाखा. अंबाल्याच्या गोदामातल्या आगीची तक्रार चंदीगडला चालली नाही. देगलूरच्या भाषेत याचा अर्थ असा, की हैदराबादच्या वर्कशॉपमध्ये नट ढिला राहिला तर त्याच कंपनीच्या नांदेडमधल्या शाखेचा उपयोग नाही. दोन लिटर ऑइलसाठी आणि सीझ झालेल्या इंजिनासाठी परराज्यात तारखा घ्यायच्या. अशी किती माणसे निमूट घरी बसली असतील याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही, आणि मला ते फार लागते.

२० जुलै २०२० ला २०१९ चा कायदा लागू झाला आणि कलम ३४ मध्ये एक छोटे पोटकलम आले: तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तिथेही तक्रार करता येईल. देगलूरचा माणूस आता हैदराबादच्या शोरूमला नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात उत्तर द्यायला बोलावू शकतो. १९५६ च्या रेषेने अडवलेली वाट निदान या एका कामापुरती मोकळी झाली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने व्हावी अशी मागणीही करता येते.

नोटीस कोणाला पाठवायची, यात पुष्कळ जण चुकतात. राग कंपनीवर असतो, कारण पाटीवर नाव कंपनीचे असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न तपासला. विक्रेत्याने २००९ साली तयार झालेली मोटार २०११ मध्ये ग्राहकाच्या गळ्यात मारली होती. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले गेले होते. न्यायालयाने कंपनीला सोडले: कंपनी आणि विक्रेता यांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते, आणि विक्रेत्याने काय केले हे कंपनीला ठाऊक होते असे सिद्ध झाले नव्हते. ऑइल बदलीतही नट आवळणारा हात डीलरचाच असतो. म्हणून बिलावर ज्याचे नाव आणि जीएसटी क्रमांक आहे, तो पहिला विरुद्ध पक्ष.

जीप किंवा पिकअप भाड्याने चालवणाऱ्याला ‘तुम्ही धंदेवाले, ग्राहक नाही’ असेही ऐकवले जाते. ४ एप्रिल १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षा आणि ट्रक ही उदाहरणे घेऊनच सांगितले आहे की पोट भरण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा ग्राहकच असतो. ते प्रकरण महाराष्ट्र राज्य आयोगातूनच वर गेले होते.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. आयोगाची नोटीस मिळाल्यावर डीलरला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही, हे ४ मार्च २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज प्रकरणात ठरवून दिले आहे.