कुत्र्यांची वस्तू कुरतडण्याची सवय

पाळीव कुत्र्याने विजेच्या वायरी, पादत्राणे, कपडे, लाकडी सामान यांसारख्या वस्तू दातांनी चावणे, फाडणे किंवा चघळणे यास कुरतडण्याची सवय म्हणतात. चावणे हे कुत्र्याचे नैसर्गिक वर्तन असल्याने ते पूर्णपणे बंद करता येत नाही. मात्र धोकादायक वस्तू आवाक्याबाहेर ठेवून आणि योग्य पर्याय देऊन त्यास वळण लावता येते. विद्युतप्रवाह चालू असलेल्या वायरीच्या बाबतीत ही सवय प्राणघातक ठरू शकते.

कारणे

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारणतः तिसऱ्या ते सातव्या महिन्यादरम्यान ते पडून कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने पिल्लू मिळेल ती वस्तू चावते. पिल्ले नव्या वस्तूंची ओळखही तोंडानेच करून घेतात. प्रौढ कुत्र्यांमध्ये अपुरा व्यायाम, कंटाळा, भूक आणि मालकाच्या अनुपस्थितीतील अस्वस्थता ही प्रमुख कारणे आढळतात. माती, कापड, प्लास्टिक असे अखाद्य पदार्थ वारंवार गिळणाऱ्या कुत्र्याची पशुवैद्यकाकडून तपासणी करणे आवश्यक असते.

धोके

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. वायर चावल्यास ओठ व जीभ भाजणे, झटके येणे किंवा हृदय बंद पडणे संभवते. कुत्रा वरकरणी बरा दिसला तरी काही तासांनंतर फुप्फुसांत पाणी साचू शकते. अशा प्रसंगी कुत्र्याला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे व त्यानंतर त्याला विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे. गिळलेला दोरा, मोजा किंवा कापड आतड्यात अडकू शकते. बॅटरी, उंदीर मारण्याचे औषध आणि कण्हेरीसारख्या विषारी वनस्पतीही धोकादायक आहेत.

शेतवस्तीवरील परिस्थिती

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा व परिसरात, तसेच शेजारच्या परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत, शेतातील वस्तीस आखाडा म्हणतात. आखाड्यावर राखणीसाठी कुत्री पाळली जातात. विहिरीवरील किंवा कूपनलिकेवरील पंपाची वायर अनेकदा जमिनीवरून नेलेली असते. थ्री-फेज पंपांचा विद्युतदाब सुमारे ४१५ व्होल्ट, म्हणजे घरगुती दाबापेक्षा बराच अधिक असतो. त्यामुळे अशी वायर पीव्हीसी पाइपमधून नेऊन जमिनीत गाडणे आणि तिचे जोड उघडे न ठेवणे हे कुत्र्यांसह गुरे व माणसांच्याही सुरक्षिततेचे आहे. ठिबक सिंचनाच्या नळ्यांचेही कुत्री नुकसान करतात. उन्हाळ्यात त्यांच्यासाठी पाण्याचे भांडे जवळ ठेवणे उपयुक्त ठरते.

प्रतिबंधक उपाय

घरातील वायरी भिंतीवरील केसिंग पट्टीत किंवा जाड नळीत बंद कराव्यात. वापरात नसलेल्या उपकरणाचे बटण बंद करून प्लग काढावा आणि चार्जर उंचावर ठेवावा. ३० मिलिअँपिअर क्षमतेचे आरसीसीबी उपकरण जमिनीकडे होणारी विद्युतगळती ओळखून प्रवाह खंडित करते. मात्र वायरीतील फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी दातांत आल्यास गळती होईलच असे नाही. त्यामुळे केवळ या उपकरणावर विसंबू नये. डेनाटोनियम बेंझोएट या अतिशय कडू रसायनाचे फवारे बाजारात मिळतात. त्यांचा परिणाम प्रत्येक कुत्र्यावर सारखा होत नाही आणि काही काळाने फवारणी पुन्हा करावी लागते.

पर्यायी वस्तू व शिकवण

कुत्र्याला चावण्यासाठी मजबूत रबरी खेळणे किंवा गाजर देता येते. नखाने दाबल्यावर किंचितही न दबणाऱ्या कठीण वस्तूने दात तुटण्याचा संभव असतो. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होत असल्याने ती टाळावीत. जुनी चप्पल खेळायला देऊ नये. जुन्या व नव्या चपलेतील फरक कुत्र्याला कळत नाही.

कुत्र्याने नको ती वस्तू पकडल्यास तिच्या बदल्यात खाऊ देऊन ‘सोड’ ही आज्ञा शिकवतात. त्याच्यामागे धावल्यास तो त्यास खेळ समजतो. घरी कोणी नसताना पिल्लाला सुरक्षित खोलीत ठेवावे आणि त्यापूर्वी त्याला पुरेसे फिरवून आणावे.

शिक्षेचा परिणाम व कायदा

नुकसान झाल्यानंतर काही वेळाने केलेल्या शिक्षेचा संबंध कुत्र्याला आपल्या कृतीशी जोडता येत नाही. अमेरिकी संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ मधील अभ्यासात, कुत्र्याचा ‘अपराधी चेहरा’ त्याच्या चुकीपेक्षा मालकाच्या रागावण्याशी निगडित असल्याचे दिसून आले. मारहाणीमुळे भीती वाढते आणि अस्वस्थतेतून होणारे कुरतडणे अधिक बळावू शकते.

सामानाचे नुकसान टाळण्यासाठी कुत्र्याला दिवसभर बांधून ठेवणे किंवा त्याचा त्याग करणे हेही घडते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, प्राण्याला अवाजवी आखूड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, तसेच वाजवी कारणाशिवाय प्राण्याला उपासमार किंवा तहानेने वेदना होतील अशा स्थितीत सोडून देणे हे क्रूरतेचे प्रकार मानले जातात.