लायगो-इंडिया : सामायिक प्रयोगशाळेचे व्यवस्थापन

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात ४ किमी लांबीच्या दोन भुजांची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. कोणत्याही एकट्या विद्यापीठाला हा भार पेलवणारा नाही. अनेक धनी झाले की जबाबदारी कुणाचीच उरत नाही, हा आक्षेप खरा. पण इथे कामे वाटलेली आहेत : निर्वात यंत्रणा गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे, लेसर व प्रकाशकी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे, तर विदा-विश्लेषण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राकडे आहे. जागा आडवळणी आहे खरी, मात्र कंपनांपासून दूर राहणे ही वेधशाळेची पहिली गरज. शेजारच्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाही येथील कामात हक्काचा वाटा मिळायला हवा.