ओढायचं कशाने?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मित्रमंडळाने हिवाळ्यातल्या स्पितीचा बेत आखला. सहा जण, दोन गाड्या, जानेवारी महिना. कामं वाटून घेताना 'बर्फात गाडी रुतली तर ती बाहेर काढायचं सामान' हा विभाग माझ्याकडे आला. कारण काय, तर मी इंजिनीअर. मी सॉफ्टवेअर लिहितो आणि माझ्या हातून आजवर स्क्रू पिळण्यापलीकडे यंत्रकाम झालेलं नाही, हे कोणी ऐकून घेतलं नाही.

मग आमच्या जमातीला जे जमतं ते मी केलं. एक्सेलची शीट उघडली. विंच, लोखंडी दोर, नायलॉनचे पट्टे, शॅकल. समोर किंमत, वजन आणि 'किती टन ओढतं'. टनांच्या रकान्यावरून यादी लावली. जास्त टन, जास्त चांगलं, इतकं साधं गणित होतं. विंच खिशाला परवडेना, म्हणून 'पाच टन' लिहिलेला, दोन्ही टोकांना लोखंडी हुक असलेला एक दोर मागवला. तपासायला बर्फ कुठून आणायचा? पण माझं घर कर्जतचं आहे आणि जुलैत कर्जतला चिखलाला तोटा नसतो.

तर एका रविवारी कोंडिवड्याच्या अलीकडे आम्ही गाडी मुद्दाम रस्त्याखाली उतरवली. ती इतकी मनापासून रुतली की चाचणीची खरोखरची अडचण झाली. शेजारच्या खाचरात चिखलणी चालली होती. तिथला ट्रॅक्टर आला. एक हुक ट्रॅक्टरला, एक आमच्या गाडीला. चालकाच्या जागी माझा मित्र. पहिल्या हिसक्यात गाडी हलली नाही. दुसऱ्या हिसक्यात ट्रॅक्टरकडचा हुक ट्रॅक्टरपासून सुटला, ताणलेल्या दोराबरोबर गोफणीतल्या धोंड्यासारखा मागे आला आणि मित्राच्या तोंडासमोर काचेवर आदळला. काच आरपार गेली नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली. मित्र खाली उतरला आणि बराच वेळ काही बोलला नाही. दोराच्या वेष्टनावर 'पाच टन' होतं खरं. पण ते तुटण्याचं बळ की रोज वापरायचं सुरक्षित बळ, हे कुठेच लिहिलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

बांधावरून एक काका आले. त्यांनी आधी आम्हाला गाडीपासून लांब केलं, मग चाकांपाशी वाकून बघितलं आणि म्हणाले, "पोरांनो, आदी चाकं मोकली करा, मंग वढा." फावड्याने चाकांपुढचा चिखल काढला, सामान उतरवलं, खाली दगड आणि फांद्या घातल्या, हवा थोडी कमी केली. मग चौघांनी मागून रेटा दिला. ट्रॅक्टर लागलाच नाही.

हे चालू असताना समोरच्या डोंगरातून घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज येत होता. पुढे एक इंजिन, मागे तीन. लहानपणापासून बघतोय. पण इंजिनं पुढे न लावता मागे का लावतात, हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षांत पडला नव्हता. त्या रात्री पडला. त्याचं उत्तर शोधता शोधता मी बोरघाटाच्या इतिहासात शिरलो. (रेल्वेच्या कागदांत 'भोर घाट', आमच्याकडे बोरघाट. पायथ्याला खालापूर-कर्जत, माथ्याला खंडाळा.) हा घाट म्हणजे, माझ्या कामापुरतं बघायचं तर, जड वस्तू वर कशी न्यायची याची अडीचशे वर्षं चाललेली चाचणी आहे.

पहिला मोठा प्रयोग फसला तो १७७८ साली. रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून इंग्रजांची फौज निघाली. सैनिक सुमारे ३,९००, आणि तोफा, दारूगोळा, रसद वाहायला बैल सुमारे १९,०००. म्हणजे माणशी जवळजवळ पाच बैल. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट (आपल्या बखरींतला 'इष्टुर फाकडा') पुढची तुकडी घेऊन नोव्हेंबरअखेर खंडाळ्याला पोचलाही. पण तोफा खाली होत्या आणि घाटात तोफगाड्याजोगा रस्ता नव्हता. सगळी फौज माथ्यावर जमायला २३ डिसेंबर उजाडला. जवळजवळ महिना गेला. तेवढ्या काळात मराठ्यांनी तयारी केली, वाटेतली गवत-रसद नाहीशी केली. ४ जानेवारी १७७९ला कार्ल्याजवळ स्टुअर्ट पडला. फौज तळेगावला पोचली, तिथून पुढे जाण्याची हिंमत सरली आणि ११ जानेवारीच्या रात्री ती मागे वळली. निघताना जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून दिल्या. दोन दिवसांत वडगावला शरणागतीची बोलणी सुरू झाली.

शाळेत हा धडा पराक्रमाचा म्हणून शिकलो होतो आणि तो तसा आहेच. आता वाचताना मला त्यात माझी एक्सेल शीट दिसली. ओढणारे वाढवले, पण ओझं कमी केलं नाही आणि जमीन तयार केली नाही. वर १९,००० बैलांना रोज चारापाणी लागतो. ओढणारी ताकद हीच एक ओझं होऊन बसली. ज्या तोफा महिनाभर खपून वर चढवल्या, त्याच शेवटी पाण्यात टाकल्या, कारण ओझं टाकल्याशिवाय हलताच येत नव्हतं.

इंग्रज धडा शिकले. १८०३-०४च्या सुमारास आर्थर वेलस्लीने घाटाची वाट तोफा जाण्याजोगी करवून घेतली. मग गव्हर्नर जॉन माल्कम याने गाडीरस्ता बांधवला आणि १० नोव्हेंबर १८३०ला, काम पुरतं संपलं नसतानाही, तो स्वतः घोडागाडीतून घाट उतरला. बैल तेच होते. बदलला तो उतार, वळणं आणि पायाखालचा दगड. काकांनी चाकाखाली दगड घातले होते, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

पुढचा अंक रेल्वेचा. १८५६च्या मे महिन्यात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पळसदरीवरून खोपोलीला पोचली. जून १८५८मध्ये घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्गही सुरू झाला. मधला घाट मात्र मोकळाच. पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरत, पालखी, तट्टू किंवा गाडीने खंडाळा गाठत आणि वर दुसऱ्या आगगाडीत बसत. आता गंमत बघा. वरच्या मार्गावर धावणारी इंजिनं आकाशातून पडलेली नव्हती. घाटात रूळ नव्हते, तेव्हा ती याच रस्त्याने वर गेली असणार. वाफेचं इंजिन वर न्यायला माणसं आणि जनावरंच लागली.

रुळांचा घाट बांधायला जानेवारी १८५६मध्ये सुरुवात झाली. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. लांबी सुमारे २५ किलोमीटर, चढ १,८३१ फूट, बोगदे २५, आणि सगळ्यात तीव्र उतार ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. १८५९मध्ये मजुरी थकल्यावरून मजुरांचा उद्रेक झाला आणि पहिल्या कंत्राटदाराच्या हातून काम गेलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इथे आल्यावर काही आठवड्यांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. १८६१मध्ये कामावरच्या माणसांची संख्या ४२,०००पर्यंत गेली. पटकीने किती गेली, दरडीखाली किती गेली, त्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत. बर्कलेही घाट सुरू झालेला बघायला राहिला नाही. त्याआधीच्या वर्षी तो वारला. एप्रिल १८६३मध्ये घाटाचं उद्घाटन झालं. आमच्याकडे इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराची कथा सांगतात. वाट दाखवल्यावर त्यालाच मारलं म्हणतात. कथेला कागदाचा आधार असो नसो, घाटातल्या त्याच्या देवळापाशी ट्रकवाले आजही नाणं टाकतात. नाव उरलेला बहुधा तो एकटाच.

आता माझ्या प्रश्नाकडे. वीस-बावीस डब्यांची भरलेली गाडी साधारण हजार टन धरा. ३७ला १ उतारावर ती हजार भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टन बळाने खाली ओढ घेते. तिला वर न्यायचं तर निदान तेवढं बळ हवं. हे बळ इंजिनाच्या मोटरीत असून भागत नाही, ते चाक आणि रूळ यांच्या पकडीतून यावं लागतं. सव्वाशे टनांचं इंजिन कोरड्या रुळावर आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के पकड मिळवतं, म्हणजे ३७-३८ टन. त्यातले तीनेक टन स्वतःला चढवण्यात जातात. कोरड्यात जेमतेम जमेल. पण जुलैतल्या पावसात पकड वीस टक्क्यांवर किंवा खाली येते आणि मग हॉर्सपॉवर कितीही असो, चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून इंजिनं चाकांपुढे रुळावर रेती सोडतात. आमच्या गाडीची चाकंही चिखलात अशीच फिरत होती आणि मित्र अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबत होता.

तर इंजिनं जास्त हवीत. पण सगळी पुढे लावली तर सगळ्या गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येतो. ते तुटलं की मागची गाडी उताराला लागली. इंजिनं मागे लावली की ओझं वाटलं जातं. पुढच्या भागाला पुढचं इंजिन ओढतं, मागच्या भागाला मागची रेटतात आणि कुठल्याही एका सांध्यावर सगळा भार येत नाही. वर, मधे काही तुटलंच तर मागे आधार असतो. या मागच्या इंजिनांना बँकर म्हणतात. ती जोडायला गाडी कर्जतला थांबते आणि तेवढ्या वेळात आपण वडा खातो. लहानपणी मला वाटायचं, गाडी वड्यासाठीच थांबते.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हेही घाटाने लवकर शिकवलं. सुरुवातीला खंडाळ्याच्या खाली एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगरात वळायला जागा नाही म्हणून गाडी तिथे थांबून दिशा बदलायची. जानेवारी १८६९मध्ये पुण्याहून येणारी मेल उतारावर ताब्याबाहेर गेली आणि त्याच स्टेशनाच्या टोकाला जाऊन फुटली. घाटातल्या इंजिनांना थेट रुळावर दाबले जाणारे खास ब्रेक असत, पण ब्रेकही शेवटी पकडीवरच जगतात. म्हणून घाटात कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा रुळाचा एक फाटा. उतरणारी गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ताब्यात आहे हे सिद्ध झालं, तरच पुढचा सांधा तिला मुख्य मार्ग देतो. नाहीतर ती चढावर जाऊन थांबते. ही व्यवस्था 'बिघाड होणारच' असं धरून केलेली आहे. आमच्या धंद्यात याला मोठी मोठी नावं आहेत, पण इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

१९२९च्या सुमारास विजेची इंजिनं आली, मार्गाची आखणी बदलली, रिव्हर्सिंग स्टेशन गेलं. मधल्या सांध्यांवर वाकणारं ते लांबोडकं विजेचं इंजिन रेल्वेवाल्यांत 'खेकडा' म्हणून ओळखलं जाई. नंतर इंजिनांच्या पिढ्या बदलल्या, वीजपुरवठा डीसीचा एसी झाला, तरी बँकर मागेच राहिले. ताकद कित्येक पट वाढली. उतार ३७ला १ आणि पावसातला रूळ तसाच ओला.

माझी शीट मी पुन्हा केली. टनांचा रकाना शेवटी टाकला. बर्फावर टायरची पकड साधारण ओल्या रुळाइतकीच आणि कडक बर्फावर त्याहूनही कमी. तेव्हा आधी फावडं. मग टायरच्या चेन. मग रेतीची पिशवी आणि चाकाखाली घालायच्या पट्ट्या. विंच रद्द, कारण विंचला बांधायला झाड लागतं आणि स्पितीत मैलोन् मैल झाड नाही. दोर सगळ्यात शेवटी, आणि तोही ताणला जाणारा नायलॉनचा, टोकांना लोखंडी हुक नसलेला, ज्याचं तुटण्याचं बळ गाडीच्या भरलेल्या वजनाच्या निदान तिप्पट असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. सोबत एक जाड गोणपाट. दोर ताणायचाच झाला तर त्याच्या मधोमध टाकायला, म्हणजे तुटलाच तर त्याच्या उडण्याचा जोर कमी होईल. आणि एक नियम: दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

मित्राने काच बदलून घेतली. खर्चातला निम्मा वाटा मी दिला, तो घेताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी आधी फावडं." जानेवारीत आम्ही गेलो. काझाच्या अलीकडे मागची गाडी एकदा रस्त्याकडेच्या बर्फात बसली. सामान उतरवलं, तासभर खणलं, चाकांपुढे रेती टाकली आणि चौघं मागे लागलो.

दोर अजून डिकीत आहे. वापरायची वेळ आलेली नाही.