फायलीची मुद्रा

धाडच्या (जि. बुलडाणा) एखाद्या शिक्षकाने प्रयोगाचे चित्रण मोबाइलवरून संकेतस्थळावर चढवले, की पलीकडच्या संगणकापुढे पहिला प्रश्न असतो : आलेली फाइल खरोखर व्हिडिओ आहे काय? नावापुढे 'एमपी-४' असणे हा काही पुरावा नव्हे. नाव कोणालाही बदलता येते. त्या नावाखाली घातक प्रोग्रॅमही आत शिरू शकतो.

असा प्रश्न आपल्याकडील इतिहास-संशोधकांना अपरिचित नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याशी राजमुद्रा आणि मजकूर संपतो तेथे मर्यादामुद्रा असते. मुद्रेचीही नक्कल होऊ शकते. म्हणून संशोधक पत्रातील कालगणना, भाषा आणि माणसांची नावे एकमेकांशी जुळतात का, तेही पाहतात.

संगणकात मुद्रा आली ती मात्र वेगळ्याच गरजेतून. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७०च्या सुमारास युनिक्स प्रणाली घडत होती. तिच्यातील प्रोग्रॅमच्या फायलींच्या आरंभी पुढे ०४०७ हा अष्टमान अंक येऊ लागला. पीडीपी-११ या यंत्राच्या भाषेत ती चक्क एक आज्ञा होती : 'सुरुवातीची आठ शब्दांची माहिती ओलांडून पुढे जा.' हीच आज्ञा पुढे ओळखखूण ठरली आणि तिला 'जादूचा अंक' असे नाव पडले. (जादू कसली, सोय!) १९७३च्या युनिक्समध्ये 'फाइल' नावाची आज्ञाच होती, ती नावाकडे न पाहता आतला मजकूर पाहून फायलीचा प्रकार सांगे.

व्हिडिओचे प्रकार आले ते १९९०नंतर. मायक्रोसॉफ्टच्या 'एव्हीआय' फायलीची पहिली चार अक्षरे 'आर-आय-एफ-एफ'. पण ध्वनीच्या 'वेव्ह' फायलीतही नेमकी तीच! फरक कळतो तो नवव्या अक्षरापासून पुढे. 'एमपी-४'चा आराखडा ॲपलच्या १९९१च्या क्विकटाइमवरून घेतलेला आहे. फाइल म्हणजे पेट्यांची रांग. प्रत्येक पेटीवर आधी चार बाइटांत तिची लांबी, मग चार अक्षरांत नाव. पहिल्या पेटीचे नाव बहुधा 'एफ-टी-वाय-पी' असते. तेवढ्यावर समाधान मानले तर फसगत ठरलेली, कारण २०१७पासून आयफोन ज्या 'हाइक' प्रकारात छायाचित्रे साठवतो, त्याच्या आरंभीही हीच पेटी असते. केवळ ध्वनी असलेल्या फायलींतही असते.

तेव्हा आत उतरावे लागते. 'मूव' नावाच्या पेटीत फायलीची अनुक्रमणिका असते. तिथे प्रत्येक प्रवाहाची नोंद सापडते : चित्राचा असेल तर 'विड', आवाजाचा असेल तर 'साउन'. आता गंमत पाहा. चित्रण चालू असताना किती चौकटी होणार हे ठाऊक नसते, म्हणून मोबाइल ही अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहितो. फाइल चढवताना नेटवर्क मध्येच तुटले, तर पलीकडे पोचलेल्या तुकड्यावर आरंभीची मुद्रा शाबूत असते, चित्रांचा बराचसा मजकूरही असतो, आणि तरीही तो व्हिडिओ सुरू होत नाही. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेली प्रणाली मुद्रा पाहते, पेट्यांच्या लांब्या मोजते आणि शेवटी एखादी चौकट प्रत्यक्ष उलगडून पाहते. तेही वेगळ्या, बंदिस्त जागेत. कारण मुद्दाम बिघडवलेली फाइल उलगडणाऱ्या प्रोग्रॅमवरच उलटू शकते.