तांबेरा कवकांचे केंद्रकीय जीवनचक्र

तांबेरा ही जिवंत वनस्पतींवर वाढणारी परजीवी कवके होत. ज्वारीच्या पानांवर लालसर पुटकुळ्या आणणारी ‘पुक्सिनिया पर्प्युरिया’ याच गटातली. पुटकुळीतल्या प्रत्येक युरेडोबीजाणूत दोन अगुणित केंद्रके असतात. ती एकत्र विभागतात, पण मिसळत नाहीत. हेच या कवकांचे खरे नवल. मिलन होते ते टेलिओबीजाणूत. तो रुजताना अर्धसूत्री विभाजन होऊन चार गदाबीजाणू जन्मतात. ते ज्वारीला नव्हे, अंबुशीला लागतात. तिथे भिन्न प्रकारांचा संयोग होऊन द्विकेंद्रकी अवस्था परत येते. गव्हाच्या तांबेऱ्यातील ही लैंगिक पायरी क्रेगी यांनी १९२७ मध्ये कॅनडात उलगडली.

चक्र आखूडही होते. काही जातींनी दुसरा आश्रयदाता सोडला आहे. भारतात गव्हाचा तांबेरा दारुहळद या आपल्या दुसऱ्या आश्रयदात्यावाचून, केवळ युरेडोबीजाणूंवर टिकतो. उन्हाळा तो डोंगराळ भागात काढतो, हे के. सी. मेहता यांनी दाखवले. तरीही नवे वंश उपजतात: गव्हाच्या तांबेऱ्याचा ‘युजी९९’ हा वंश दोन कवकतंतू जुळून अख्ख्या केंद्रकांची अदलाबदल झाल्याने बनल्याचे २०१९ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसले.